वेरा खोलोदनाया : उरलेल्या मूकपटांचा डिस्कसंच

रशियन मूकपटांची सर्वांत लोकप्रिय नायिका वेरा खोलोदनाया हिचे बहुतेक चित्रपट काळाच्या ओघात नष्ट झाले; जे मोजके उरले, त्यांतील निवडक चित्रपट आणि तिच्या अंत्ययात्रेची चित्रफीत या संचात एकत्र पाहायला मिळते.

संचाचे खरे मोल दिग्दर्शक येवगेनी बाउअर यांच्या १९१६ च्या ‘जीवनासाठी जीवन’ या चित्रपटात आहे. त्यात वेरा श्रीमंत कारखानदारीणीच्या दत्तक मुलीची, नाताची, भूमिका करते. नाताचा प्रियकर पैशासाठी तिच्या बहिणीशी, म्हणजे त्या घरच्या सख्ख्या मुलीशी, लग्न करतो. चित्रपट मूळच्या संथ गतीने उतरवला असल्यामुळे नाताची थांबून राहिलेली नजर, तिचे जड पाऊल आणि खांबांच्या रांगांनी खोल भासणारी बाउअर यांची दालने आपल्यापर्यंत नीट पोहोचतात. मूकपट घाईने पळवले की अभिनय हास्यास्पद दिसतो, आणि या अभिनेत्रीवर तो अन्याय फार झाला आहे.

१९१८ च्या ‘गप्प राहा, दुःखा, गप्प राहा’ या चित्रपटाचा पहिलाच भाग शिल्लक आहे. सर्कशीच्या या कथेत आदल्या वर्षीच्या रशियन क्रांतीचा मागमूसही नाही. पण त्याच वर्षी मॉस्कोत कच्च्या फिल्मची टंचाई पडली आणि खारितोनोव यांच्या चित्रसंस्थेबरोबर वेरा दक्षिणेला, काळ्या समुद्रावरच्या ओदेसा बंदराला गेली. रशियात यादवी युद्ध पेटलेले असताना त्या डिसेंबरात तेथे फ्रेंच फौजा उतरल्या आणि १६ फेब्रुवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, स्पॅनिश फ्लूने तिचा मृत्यू झाला. हा घटनाक्रम सोबतच्या पुस्तिकेत दोन ओळींत उरकला आहे, आणि ती हेर होती, तिला विष दिले गेले, या अफवांना मात्र सबंध पान दिले आहे, याचा मला मनापासून राग आला. त्या गर्दीने भरलेल्या अंत्ययात्रेची चित्रफीतही कोणत्याही टिपणीविना ‘अतिरिक्त’ विभागात टाकली आहे.

पियानोची साथ उत्तम आहे. सर्कशीच्या चित्रपटाला जोडलेला वाद्यवृंद मात्र इतका दणदणतो की तेथे आवाज बंद करणेच बरे. दृश्यांमध्ये येणाऱ्या रशियन मजकुराच्या पाट्यांचे इंग्रजी भाषांतर सुबोध असून मूळ पाट्याही पडद्यावर कायम ठेवल्या आहेत. मूकपटांची आवड असणाऱ्याने हा संच अवश्य घ्यावा, आणि सुरुवात ‘जीवनासाठी जीवन’पासून करावी.