घोड्याच्या गोठवलेल्या वीर्यात गेलेले ११,६८५ युरो: परदेशातून मागवणाऱ्यांनी आधी हे वाचा

११,६८५ युरो गेले आणि हातात आल्या ३२ मेलेल्या कांड्या, म्हणजे वीर्य गोठवून ठेवायच्या बारीक नळ्या. दलालाचं नाव इथे छापायची इच्छा फार आहे, पण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी हात बांधलेत. नाव सोडून बाकी सगळं लिहितोय.

असले दलाल कसे चालतात हे घोड्यांच्या व्यवहारातल्या माणसाला सांगायला नको. भाव जरासा कमी, कागद भरपूर आणि दर टप्प्याला ‘आता एवढंच शेवटचं’. हे मलाही ठाऊक होतं, म्हणूनच मी डोळे मिटून पैसे टाकले नाहीत. स्टॅलियन, म्हणजे ज्याचं वीर्य घ्यायचं तो नर घोडा, खरा होता. उड्यांच्या स्पर्धांतले त्याचे निकाल मी स्वतः पाहिले. स्टडबुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, त्याची नोंद होती, करारातला पंधरा अंकी यूईएलएन हा घोड्याचा ओळख क्रमांक त्या नोंदीशी जुळत होता. संसर्गजन्य रक्तक्षयाची कॉगिन्स चाचणी, आर्टेरायटिस या विषाणूजन्य रोगाचा रिपोर्ट, सांसर्गिक मेट्रायटिसचे, म्हणजे गर्भाशयदाहाचे, स्वॅब, सगळं प्रयोगशाळेच्या लेटरहेडवर होतं. भाव निम्मा असता तर मीच पळून गेलो असतो. तो बाजारापेक्षा थोडाच कमी होता. यापलीकडे विकत घेणाऱ्याने काय तपासायचं?

पैसे असे गेले. प्रत्येकी १,८५० युरोप्रमाणे चार डोसचे ७,४००; डोस म्हणजे घोडीत एका वेळी सोडायचं वीर्य, इथे आठ कांड्या. ड्राय शिपरची, म्हणजे माल गोठवलेला ठेवून पाठवायच्या टाकीची, अनामत ९००. विमानभाडं १,४३०. चाचण्या आणि प्रमाणपत्राचे ६८०. माल निघाल्यावर ‘फेरतपासणीसाठी अडकलाय, नायट्रोजन संपत चाललाय’ म्हणून आणखी १,२७५. हे शेवटचे पैसे का भरले असं सगळे विचारतात. ड्राय शिपरमध्ये ओतता येईल असा द्रव नायट्रोजन नसतो, आतल्या सच्छिद्र थरात मुरलेला असतो. तो काही दिवस पुरतो आणि संपला की माल संपला. १०,४१० युरोचा माल तिथे तापत असल्याचं सांगितल्यावर १,२७५ साठी घासाघीस कोण करेल? नेमक्या याच धास्तीवर त्यांचा धंदा चालतो. नंतर २,२०० ची मागणी आली, तेव्हा मात्र मी ठाम नाही म्हणालो.

आता तो क्षण. पैसे भरण्याआधी मी व्हिडिओवर माल दाखवायला सांगितलं होतं, आणि त्याने दाखवला. टाकीचं झाकण काढलं, पांढरी वाफ उसळली, चिमट्याने एक कांडी बाहेर काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. मला नाव वाचता येईना, तर त्याने ती आणखी जवळ आणली, बोटाने वरचं दहिवर पुसलं, तिरकी करून उजेडात फिरवली. स्टॅलियनचं नाव स्पष्ट दिसलं. मी आभार मानले, तरी तो सावकाश बोलतच होता, कांडी हातातच. एक मिनिटाच्या वर गेलं असेल.

त्या कांडीत अर्धा मिलिलिटर द्रव असतो. टाकीत तापमान उणे १९६ अंश. जिवंत वीर्य हाताळणारा माणूस कांडी टाकीच्या गळ्याशीसुद्धा आठ-दहा सेकंदांच्या वर धरत नाही, बाहेर काढून बोटाने पुसणं तर दूरच. एकदा अशी तापली की ती परत बुडवून काही उपयोग नसतो. १,८५० युरोच्या डोसमधली कांडी कुणी गप्पा मारत हातात धरेल? ज्याला माहीत आहे की आत वाचवण्यासारखं काही नाही, तोच धरेल. तो क्षण रोज रात्री डोळ्यासमोर येतो. पण मी नाव वाचत होतो! माल दाखवा म्हटल्यावर माणूस नावच बघणार. तापमानाचं भान ठेवणं हे विकणाऱ्याचं काम. तुम्हाला कुणी अशी कांडी नाचवून दाखवली, तर फोन तिथेच ठेवा.

शिपर आला. आत तापमान नोंदवणारा लॉगर नव्हता, ‘वाटेत काढून घेतला असेल’ म्हणे. शिपर आल्या आल्या वजन करा. नायट्रोजन किती उरलाय ते वजनावरूनच कळतं. वीस कांड्यांवर स्टॅलियनचं नाव होतं, पण गोठवल्याची तारीख आणि वीर्यसंकलन केंद्राचा क्रमांक नव्हता. बारा कांड्या कोऱ्या.

घोडी माजावर होती. फॉलिकल, म्हणजे बीज असलेली पुटिका, ३५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर डॉक्टरांनी बीज सुटण्याचं इंजेक्शन दिलं, मग रात्रभर दर काही तासांनी सोनोग्राफी. गोठवलेलं वीर्य घोडीच्या पोटात जेमतेम बारा तास टिकतं, त्यामुळे वेळ चुकवून चालत नाही. बीज सुटल्याचं दिसलं आणि डॉक्टरांनी पूर्ण डोस न वितळवता आधी एकच कांडी घेतली. ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. कोरडी केली, टोक कापलं, गरम काचपट्टीवर थेंब टाकला. ते वाकून बघत राहिले, मग काचपट्टी बदलली. दुसऱ्या गटातली कांडी वितळवली. मग मला म्हणाले, ‘तुम्हीच बघा.’ दाण्यासारखे शुक्राणू दिसत होते आणि एकही हलत नव्हता. चांगल्या डोसमध्ये वितळवल्यानंतर किमान ३५ टक्के शुक्राणू पुढे धावणारे हवेत, आणि असे २५ कोटी तरी. त्याच बॅचचा हा रिपोर्ट पैसे देण्याआधी मागा. स्टॅलियनच्या जुन्या चांगल्या बॅचचा दाखवतील, तो घेऊ नका. आणि एक कांडी घोडीला इंजेक्शन देण्याआधी वितळवून बघा. आम्ही ते कागदांवर भरवसा ठेवून केलं नाही. घोडी १७ वर्षांची आहे. तिचा हंगाम मला कुठलीही बँक परत देणार नाही.

प्रमाणपत्रावरच्या वीर्यसंकलन केंद्राला मी स्वतः लिहिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: क्रमांक खरा आहे, पण ते प्रमाणपत्र वेगळ्या स्टॅलियनच्या, वेगळ्या ग्राहकाच्या मालाचं. नाव आणि संख्या बदलून वापरलेलं. एका ईमेलमध्ये हे बाहेर आलं!

मग आयात तपासणाऱ्या कार्यालयाला तोच ईमेल का पाठवता आला नाही? त्यांनी शिक्का पाहिला आणि माल सोडला. विचारायला गेलो तर म्हणतात, ‘आमचं काम रोग अडवणं, वीर्य जिवंत की मेलेलं हे तुमचं तुम्ही बघा.’ बरं, रोगच घ्या. सांसर्गिक मेट्रायटिसचा जंतू १९७७ मध्ये पहिल्यांदा सापडला, आणि गोठवल्याने तो मरत नाही. आर्टेरायटिसचा विषाणूही मरत नाही. ज्या मालाचं प्रमाणपत्र खोटं, तो कुठल्या घोड्याचा आणि कुठल्या रोगाचा, कोण सांगणार? डॉक्टरांनी आधी काचपट्टी पाहिली नसती तर ते माझ्या घोडीच्या गर्भाशयात गेलं असतं. यावर साहेबांनी अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज दिला. तो दुसऱ्या विभागाचा निघाला. दुसऱ्या विभागाने पहिल्याकडे बोट दाखवलं. शुल्क मात्र पूर्ण किमतीवर, बिनचूक वसूल केलं होतं.

पोलिसांकडे गेलो. घोड्याचं वीर्य म्हटल्यावर टेबलापलीकडचे दोघं हसले. मग निकाल: माल पोहोचलाय, म्हणजे फसवणूक नाही, दिवाणी दावा लावा. बँक म्हणते तुम्ही स्वतःहून पाठवलेत. परदेशातल्या पोलिसांचा ऑनलाइन फॉर्म भरला, त्याची आपोआप येणारी पोच आली, पुढे शांतता. स्टडबुकवाले म्हणाले दलाल आमचा सदस्य नाही. चार ठिकाणी दाद मागितली आणि चारही ठिकाणी मीच आरोपीसारखा उत्तरं देत होतो.

स्टॅलियनच्या मालकांनी तेवढं माणसासारखं वागवलं. या दलालाला त्यांनी कधीच काही विकलेलं नाही. पैसे थेट केंद्राला किंवा मालकाला द्या, मधल्याच्या खात्यात नाही. मालकाच्या वीण-प्रमाणपत्राशिवाय शिंगराची नोंदच होत नाही, म्हणजे मालकाला फोन करावाच लागणार. तो पैसे देण्याआधी करा. डोस म्हणजे किती कांड्या ते करारात लिहून घ्या, नाहीतर आठ कांड्यांचे आठ डोस म्हणून पैसे घेतील. या दलालाच्या यादीत थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचं गोठवलेलं वीर्यही होतं, हे मला मागाहून दिसलं. थरोब्रेडच्या स्टडबुकात फक्त नैसर्गिक वीण चालते. ते नोंदणीसाठी विकणारा भामटाच.

उरलेल्या कांड्या मी फेकल्या नाहीत, डॉक्टरांच्या टाकीत ठेवल्यात. मेलेल्या शुक्राणूंमधूनही डीएनए निघतो. मालकांच्या परवानगीने माझ्या खर्चाने तुलना करून घेतली: दोन कांड्या तपासल्या, दोन्ही त्या स्टॅलियनच्या नाहीत. रिपोर्ट पोलिसांना दिलाय, आता तरी ‘माल पोहोचला’ म्हणता येणार नाही. तुमच्याकडे केंद्राचा क्रमांक नसलेल्या, फक्त नाव छापलेल्या अशा कांड्या आल्या असतील तर सगळ्या वितळवू नका, दोन-तीन पुराव्यासाठी गोठवलेल्याच राहू द्या आणि तक्रार नोंदवा. तक्रारदार एकापेक्षा जास्त झाले तर हे दिवाणी प्रकरण राहत नाही, असं वकील सांगतात.