परदेशातून भारतीय आयकर विवरणपत्र: ई-फायलिंग सेवेचा अनुभव

रावेर तालुक्यातील वडिलोपार्जित केळीची शेती आणि जळगावच्या एका बँकेतील एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यातील) मुदतठेव, एवढेच माझे भारतातील उत्पन्न. मी जर्मनीत नोकरी करतो. आर्थिक वर्ष २०२४-२५ चे विवरणपत्र मी ऑगस्ट २०२५ मध्ये आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवरून भरले. ठेवीच्या २,४०,००० रुपये व्याजावर बँकेने ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ७४,८८० रुपये आधीच कापून घेतले होते. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नव्हता, शेतीचे उत्पन्न करमुक्तच असते, आणि इतर उत्पन्न मर्यादेच्या आत असले की कराचा दर ठरवतानाही ते त्यात मिळवले जात नाही. तेव्हा कापलेली सगळी रक्कम परत मिळण्यासारखी होती, पण विवरणपत्र भरल्याशिवाय ती मिळत नाही.

अनिवासी व्यक्तीला विवरणपत्राचा सर्वांत साधा नमुना, आयटीआर-१, चालत नाही, म्हणून मी आयटीआर-२ निवडला. व्याज आणि कापलेला कर त्यात आधीच भरून आला होता. हे आकडे फॉर्म २६एएसशी, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या सरकारी नोंदीशी, ताडून पाहण्याचे काम तेवढे उरले. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेल्यास जिल्हा, पिनकोड, जमिनीचे क्षेत्र, ती मालकीची की कसायला घेतलेली आणि बागायती की कोरडवाहू, हे सारे विचारले जाते. क्षेत्र एकरांत लिहायचे असते आणि आपल्या सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असते, त्यामुळे माझ्या २ हेक्टर ४० आरचे ५.९३ एकर करून घ्यावे लागले. सातबारा हाताशी ठेवूनच बसावे.

खरी कसोटी विवरणपत्र भरून झाल्यावर, पडताळणीच्या वेळी लागते. पडताळणी झाली नाही तर भरलेले विवरणपत्र ग्राह्य धरले जात नाही आणि त्यासाठी मुदत केवळ ३० दिवसांची आहे. आधारचा ओटीपी नोंदवलेल्या भारतीय क्रमांकावर येतो. माझे ते सिम रिचार्जअभावी कधीच बंद पडले होते. बँक खात्यावरून पडताळणीचा कोड मिळवावा, तर खाते पोर्टलवर प्रमाणित होईना, कारण बँकेत माझे नाव आडनावापासून सुरू होणारे आणि पॅनवर शेवटी आडनाव असलेले. ही तफावत दूर करण्यासाठी माझ्या धाकट्या भावाला जळगावच्या शाखेत तीन खेपा घालाव्या लागल्या. परतावाही प्रमाणित खात्यातच जमा होत असल्याने ही दुरुस्ती टाळता येणारी नव्हती. पडताळणी शेवटी मी बँकेच्या नेट बँकिंगमधून पोर्टलवर प्रवेश करून केली. त्या मार्गाने वेगळा ओटीपी लागला नाही. गावाहून परत निघण्यापूर्वी खात्यावरील नाव, मोबाइल आणि नेट बँकिंग तपासून घ्या, हे मी परदेशी असलेल्या प्रत्येक खान्देशकराला कळकळीने सांगेन.

टपालाचा मार्ग अजूनही खुला आहे. आयटीआर-व्ही, म्हणजे पडताळणीचा कागद, छापून, स्वतः सही करून, बंगळुरू ५६०५०० येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे पाठवता येतो. २०१९ मध्ये मी तसेच केले होते आणि पोच यायला पाच आठवडे लागले. तेव्हा १२० दिवस मिळत असल्याने काही बिघडले नाही. ऑगस्ट २०२२ पासून ती मुदत ३० दिवसांवर आली असून आता कागद केंद्रात पोचल्याची तारीख धरली जाते. उशीर झाल्यास पडताळणीची तारीखच विवरणपत्र भरल्याची तारीख ठरते आणि विलंब शुल्काची वेळ येऊ शकते. युरोपातून साध्या टपालावर हा भरवसा ठेवावा, असे मला वाटत नाही.

परताव्याची रक्कम माझ्या एनआरओ खात्यात सतरा दिवसांनी जमा झाली. हेच व्याज जर्मनीतही दाखवावे लागते, आणि तिथले करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असल्याने बँकेकडून तिमाहीनिहाय व्याजाचा तपशील मागवावा लागतो. दोन्ही देशांतील दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार व्याजावरील कपात १० टक्क्यांपर्यंत उतरते. त्यासाठी जर्मन कर कार्यालयाचा रहिवास दाखला आणि पोर्टलवरच भरता येणारा रहिवासाच्या माहितीचा फॉर्म (२०२५ मध्ये त्याचा क्रमांक १०एफ होता) बँकेला द्यावा लागतो. हे दोन्ही मी या वर्षी आधीच देऊन ठेवले आहेत.