शी-शूची प्लॅस्टिकची खुर्ची: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जानेवारीत तुळशीबागेतील एका दुकानातून नातवासाठी शी-शूची खुर्ची आणली, तेव्हा तो २२ महिन्यांचा होता. किंमत ४५० रुपये पडली. खाली रुंद बूड, वरून उचलून काढता येणारे भांडे, टेकायला पाठ आणि शू बाहेर उडू नये म्हणून पुढे छोटा उंचवटा, अशी साधी रचना आहे. बसल्यावर गाणे वाजवणारी, जवळजवळ दुप्पट किमतीची खुर्चीही तिथे होती. ती मी मुद्दाम घेतली नाही, कारण आमच्या शेजारी तशी खुर्ची आहे आणि तिथले मूल गाण्यासाठीच सारखी उठबस करते.

या खुर्चीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची उंची. त्याआधी आम्ही मोठ्या कमोडवर बसवायची रिंग वापरत होतो, पण तिच्यावर बसल्यावर नातवाचे पाय लोंबकळत आणि पडण्याच्या भीतीने तो दोन्ही हातांनी माझा पदर घट्ट धरून ठेवी. अशा वेळी मुलाचे सगळे अंग ताठ राहते, मग शी होणार कशी? या खुर्चीवर तळपाय पूर्ण टेकतात, गुडघे कमरेच्या किंचित वर येतात आणि कुंथायला आधार मिळतो. आम्ही आमच्या मुलांना पाटावर बसून स्वतःच्या दोन पावलांवर बसवत असू आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढत असू, तेव्हाही मुलाला हीच उकिडवी बैठक मिळत असे.

मात्र खुर्ची आणली म्हणजे महिन्याभरात डायपर सुटेल, ही माझी अपेक्षा चुकीची ठरली. आमच्याकडे दीड वर्षात लंगोट सुटत, हे मी सूनबाईंना अनेकदा ऐकवले होते. आता विचार करते तेव्हा जाणवते की त्या वयात वेळ मुलाच्या नव्हे, माझ्या लक्षात राहत असे. शू लागल्याचे स्वतःला कळणे, ते सांगणे, थोडा वेळ धरून ठेवणे, चड्डी खाली करणे, ही कामे मुलाला वेगवेगळ्या महिन्यांत साधतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिवसभर कोरडे राहण्याचे मध्यक वय (म्हणजे निम्म्या मुलांना हे जिथवर साधलेले असते ते वय) मुलींमध्ये साडेबत्तीस महिने आणि मुलग्यांमध्ये ३५ महिने आढळले होते. त्याच्या पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, आलेल्या आणखी एका अभ्यासात, २७ महिन्यांच्या आत नेटाने सुरुवात करूनही मुले लवकर तयार होत नाहीत, फक्त शिकण्याचा काळ लांबतो, असे दिसले. हे आधी वाचले असते तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला दर तासाला बसवण्याचा हट्ट मी धरला नसता.

त्या हट्टाच्या जोडीला एप्रिलमध्ये बद्धकोष्ठता आली. दूध भरपूर, भाजी नावाला आणि उन्हाळ्यात पाणी कमी, त्यामुळे मळाचा खडा झाला आणि एकदा शी करताना त्याला फार दुखले. त्यानंतर तो खुर्चीकडे बघेना. शी लागली की खोलीच्या पडद्याआड जाऊन, पाय एकमेकांवर दाबून, लाल चेहऱ्याने उभा राही. आम्हाला वाटे तो जोर करतो आहे, पण तो शी धरून ठेवत होता. बालरोगतज्ज्ञांनी आधी मळ मऊ करा, तोवर खुर्ची नजरेआड ठेवा, असे सांगितले. औषध, पाणी, पपई आणि भिजवलेल्या मनुका यांनी फरक पडला, पण भीती जायला पुढचे दोन महिने लागले. ज्या घरात मूल खुर्चीला नकार देते, तिथे खुर्ची बदलण्याआधी मुलाचे पोट पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

दुसरा अडथळा पाळणाघराचा होता. घरी चड्डी आणि तिथे दिवसभर डायपर, यात मुलाने काय समजावे? आणि डायपर ओल इतकी शोषून घेतो की ओले झाल्याचे त्याला जाणवतही नाही. शेवटी तशीच दुसरी खुर्ची पाळणाघरात दिली आणि तिथल्या ताईंनी जेवणानंतर त्याला बसवायचे मान्य केले. पावसाळ्यात चड्ड्या वाळत नसल्याने पुन्हा ढिलाई झाली. गणपती गेल्यावर एका सकाळी त्याने स्वतःच खुर्ची ओढून आणली आणि ‘आजी, शी’ म्हणाला. डिसेंबरपासून, म्हणजे ३३व्या महिन्यापासून, दिवसा डायपर लागत नाही. रात्री अजून लागतो. पाच वर्षांपर्यंत त्याची चिंता करू नये, असे डॉक्टरांचे मत आहे.

खुर्चीतील दोष मात्र सांगायला हवेत. ओल्या फरशीवर ती सरकते, म्हणून खाली रबरी चटई लागते. पुढच्या उंचवट्याची कड मांडीला घासत होती, ती आम्ही काचकागदाने गुळगुळीत केली. भांड्याच्या खालच्या खाचेत शू साचून वास येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी भांडे पूर्ण काढूनच धुवावे आणि उन्हात वाळवावे. दोन वर्षांच्या आसपासच्या मुलासाठी मी ही खुर्ची नक्की सुचवेन. मूल पाळणाघरात जात असेल तर एकदमच दोन घ्याव्यात.