सौजन्याच्या सूचना की आचारसंहिता : छोट्या ओपन सोर्स गटाने काय घ्यावे?

ओपन सोर्स, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या, प्रकल्पासाठी वर्तनाचे नियम ठरवायचे म्हटले, की बहुधा दोन मसुदे समोर येतात : ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या ‘काइंड कम्युनिकेशन गाइडलाइन्स’ म्हणजे सौजन्याच्या सूचना, आणि ‘कॉन्ट्रिब्युटर कॉव्हेनंट’ ही आचारसंहिता. नीट बोला, नवख्याला हिणवू नका, हे दोन्हींत आहेच. खरा फरक राजकीय मतांबाबत आणि तक्रारीचे पुढे काय होते याबाबत पडतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ठिकाणांच्या मराठी नावांची खुली यादी सांभाळणाऱ्या आमच्या लहानशा गटाने दोन्हींखाली काम केले आहे.

ग्नूचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ग्नूच्या सूचनांत शिक्षेची तरतूद मुद्दामच नाही. माणसाला समजुतीने वळवावे, अशी त्यामागची भूमिका आहे. प्रकल्पाशी संबंध नसलेले राजकीय विषय अवांतर म्हणून बाहेर ठेवावेत, असे त्या सांगतात. वापरकर्त्याचे आपल्या संगणकावर नियंत्रण असावे आणि संगणनात मूलभूत मानवी हक्क जपले जावेत, एवढ्या दोनच भूमिका ग्नू घेतो, आणि त्याही प्रत्येक सहभागीला पटल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही. वाचायला हा मजकूर मला आजही अधिक आवडतो. कॉव्हेनंटचा सूर त्यापुढे हाउसिंग सोसायटीच्या उपविधींसारखा वाटतो.

घोडे अडले ते ‘संबंध नसलेले’ या अटीवर. नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, यासाठी २०२१ मध्ये प्रकल्पग्रस्तांनी बेलापूरला सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाने तसा ठरावही केला. हे नाव पर्यायी म्हणून आमच्या नोंदीत घालावे का, हा प्रश्न राजकीय होता आणि यादीचे मूळ कामही नेमके तेच होते. एकाने लिहिले, ‘इथे राजकारण नको, चर्चा बंद करा.’ पनवेलकडच्या सहकाऱ्याने उत्तर दिले, ‘तुमच्यासाठी राजकारण असेल, आमच्या जमिनी गेल्या आहेत.’ त्यावर तिसऱ्याने ‘साडेबारा टक्क्यांचे भूखंड विकून खाल्ले, आता नावासाठी रडतात’ अशी, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडांवरून टोमणा मारणारी ओळ टाकली, आणि त्या ओळीचा समाचार घेण्याऐवजी कोणाचे म्हणणे अवांतर यावरच वाद चालू राहिला. आपला तो तपशील आणि दुसऱ्याचे ते राजकारण, अशी प्रत्येकाची धारणा असल्यावर ही अट कोणाच्याच उपयोगी पडत नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कॉव्हेनंट मत विषयाला धरून आहे का, हे विचारत बसत नाही. अपमानास्पद शेरे आणि वैयक्तिक वा राजकीय हल्ले त्याची २.१ ही आवृत्ती अस्वीकार्य ठरवते, म्हणजे भूखंडांची ती ओळ बाहेर जाते आणि नावाच्या बाजूचे व विरोधातले युक्तिवाद मात्र चर्चेत राहतात. याच आवृत्तीत भेदभावाच्या यादीत जातीचा स्पष्ट उल्लेख आला, हेही आपल्याकडे लहान नव्हे. राजकीय मत मात्र त्या यादीत नाही, तेव्हा त्याला वेगळे संरक्षण मिळते असा समज करून घेऊ नये. सभासदाने निवडणुकीच्या दिवसांत स्वतःच्या खात्यावर काय लिहिले, हा विषयही सहसा कक्षेबाहेर राहतो. प्रकल्पाच्या वतीने अधिकृतपणे बोलताना मात्र नियम लागू होतात. आमच्या गटात कॉव्हेनंट आल्यापासून नामांतराचे वाद कमी झाले असे म्हणवत नाही, पण ते कुठेतरी संपू लागले, एवढे खरे.

त्याचे ओझेही आहे. समज, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी या २.१ मधल्या चार पायऱ्या राबवायला माणसे लागतात, आणि ती कोणाला उत्तरदायी, हा प्रश्न मोठ्या प्रकल्पांनाही सुटलेला नाही : रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात चर्चांवर देखरेख ठेवणाऱ्या मॉडरेशन चमूने नोव्हेंबर २०२१ मध्ये, मुख्य चमू स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही अशी तक्रार करत, सामूहिक राजीनामा दिला होता. आम्ही तक्रारींसाठी दोघे नेमले, एक ठाण्याचा आणि एक पनवेलकडचा. तेवढ्याने बरेच भागते.

तुमचा प्रकल्प कंपायलर किंवा प्रिंटर ड्रायव्हरसारखा असेल, तर ग्नूच्या सूचना कदाचित पुरतील. नकाशे, नावे, भाषांतर यांच्याशी संबंध असेल, तर मी कॉव्हेनंटच सुचवेन. फक्त तक्रारीचा पत्ता त्याच्या मूळ मसुद्यात कोराच असतो. तो भरल्याशिवाय मसुदा प्रकल्पात टाकू नका.