आदिपाप आणि गर्भपात : एका श्राव्य व्याख्यानमालेविषयी

या व्याख्यानमालेतला सर्वांत कसदार भाग प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनवरचा आहे. आदामाचे पाप प्रत्येकाकडे जन्मतःच येते, म्हणून बाप्तिस्म्याविना मेलेले अर्भकही तारणाला मुकते, हे त्याचे कठोर मत आणि पुढे मध्ययुगात त्याला मवाळ करणारी ‘लिंबो’ची (अशा अर्भकांसाठीच्या, स्वर्ग नसलेल्या पण यातनाही नसलेल्या स्थितीची) कल्पना वक्त्याने घाई न करता उलगडली आहे. कॅथलिक चर्चचा गर्भपातविरोध मात्र आदिपापावर नव्हे, तर निष्पाप जीवाच्या हत्येच्या निषेधावर उभा आहे, आणि येथे ‘निष्पाप’ म्हणजे स्वतः कोणतेही पाप न केलेला, हा खुलासा (आदिपाप असताना गर्भ निष्पाप कसा, हा माझा जुना गोंधळ त्यानेच मिटला) पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५च्या परिपत्रकाच्या संदर्भात येतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणारा १९७३चा आणि तो रद्द करणारा २०२२चा हे निकाल केवळ ओझरते येतात. ध्वनिमुद्रण खरखरीत असून त्या मानाने किंमत जास्त वाटली.