कर्लिंग की ल्यूज, टीव्हीवर काय बघायचं?

मला दोन्हीतलं फार काही कळत नाही, दर चार वर्षांनी विंटर ऑलिम्पिक आलं की टीव्हीसमोर बसतो एवढंच. ल्यूज पहिली पाच मिनिटं जाम भारी वाटतं, माणूस छोट्याशा स्लेजवर उताणा झोपून, पाय पुढे करून ताशी 130 किमीच्या आसपास खाली सुटतो, बघूनच पोटात गोळा येतो. पण मग दुसरा येतो, तिसरा येतो आणि सगळे सेमच दिसतात राव! निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात लागतो, म्हणजे डोळ्यांना काही कळतच नाही, आपण नुसता कोपऱ्यातला आकडा बघत बसायचं.

कर्लिंगचं उलटं, त्यात बर्फावरून दगड सरकवत समोरच्या गोलाच्या मध्याजवळ पोचवायचा असतो. आधी वाटलं हे काय, बर्फावर झाडू मारतायत? पण घासल्याने घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो हे एकदा कळलं ना की मग उठवत नाही. जवळपास 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड, चौघांच्या टीमला एका एंडमध्ये (म्हणजे एका फेरीत) असे 8, आणि शेवटचा दगड ज्यांच्याकडे (त्याला हॅमर म्हणतात) ते अख्खा डाव फिरवू शकतात. शिवाय खेळाडूंना माइक लावलेले, त्यांची ओरडाआरड, वादावादी सगळं ऐकू येतं, अर्धी मजा तर त्यातच आहे. फक्त 10 एंडची मॅच अडीच तास तरी खाते, तेव्हा रिमोट आपल्याच हातात असेल तरच बसा.