पित्ताची खाज : पावडर घ्यावी की गोळी?

अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत. तरी रात्री दोन वाजता आई न्हाणीघरातल्या शहाबादी फरशीवर तळपाय घासत उभी असायची. पीबीसी, म्हणजे प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस (लिव्हरमधल्या बारीक पित्तनळ्या हळूहळू खराब होण्याचा आजार), हे निदान होईपर्यंत आम्ही वर्षभर साबण आणि मलमं बदलत बसलो. लिव्हरमधून पित्त नीट वाहिनासं झालं की येणारी ही खाज बहुतेकदा तळहात-तळपायांवर सुरू होते आणि संध्याकाळनंतर वाढते. ओरखडे उठतात ते फक्त हात पोचतो तिथे. आईच्या पाठीचा मधला भाग अगदी कोरा होता.

औषध निवडण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. खड्यानं किंवा गाठीनं पित्तनळी अडली असेल तर खाजेच्या औषधांची चर्चाच चुकीची. आधी नळी मोकळी व्हायला हवी, त्यासाठी सोनोग्राफी. दुसरं म्हणजे चालू गोळ्यांची यादी. पीबीसीसाठी दिलं जात आलेलं ओबेटिकोलिक ॲसिड स्वतःच खाज वाढवतं.

सहसा पहिली येते ती कोलेस्टिरामिनची पावडर. ४ ग्रॅमची पुडी, दिवसाला जास्तीत जास्त १६ ग्रॅम. ती रक्तात जातच नाही. आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते, म्हणून लिव्हरला तिचा त्रास नाही. चव मात्र ओल्या वाळूसारखी. आईनं पहिल्या आठवड्यातच हात टेकले होते. कोकम सरबतात कालवून दिल्यावर कुठे घशाखाली उतरली. कोरडी कधीच तोंडात टाकू नये, ठसका लागतो.

माझ्या मते ही पावडर नापास होते ती बहुतेक वेळा वेळापत्रकामुळे. रात्रभर पित्ताशयात साठलेलं पित्त नाश्त्याबरोबर आतड्यात उतरतं, म्हणून एक पुडी नाश्त्याआधी आणि एक नंतर. (पित्ताशय काढलेलं असेल तर या हिशेबाला फारसा अर्थ नाही.) शिवाय ती पित्ताम्लांबरोबर इतर गोळ्याही धरून ठेवते. बाकीची औषधं तिच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर. थायरॉईडची गोळी आणि पीबीसीचं नेहमीचं औषध युडीसीए तर निदान ४ तास लांब. आम्ही सुरुवातीला सगळं एकत्रच देत होतो, म्हणजे युडीसीए जवळपास वाया. बद्धकोष्ठ आणि पोटफुगी होतेच. महिनोन्‌महिने चालली तर अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वं कमी पडू शकतात; के कमी झालं की रक्त लवकर गोठत नाही.

दुसरी रिफॅम्पिसिन. हो, टीबीचीच. दुकानदारानं चिठ्ठी बघून "घरात कुणाला टीबी आहे का?" असं विचारलं तेव्हा आईचा चेहरा पडला होता. खाजेसाठी सहसा १५० मिलिग्रॅमनं सुरुवात करून गरजेप्रमाणे ६०० पर्यंत नेतात. गुण आला तर एक-दोन आठवड्यांत कळतं, आणि नुसत्या खाजेचा विचार केला तर पावडरपेक्षा हिच्यावर माझा भरवसा जास्त. लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात. पांढऱ्या ब्लाउजवर काखेत डाग पडतात. घाबरायचं कारण नाही, पण कावीळ वाढल्यावरही लघवी गडद होते. तेव्हा रंगावरून अंदाज बांधू नका, डोळ्यांचा पांढरा भाग बघा.

खरी अडचण अशी की खाज थांबवणारी ही गोळी काही जणांत लिव्हरलाच सूज आणते, कधी सुरू केल्यावर काही महिन्यांनीही. म्हणून आधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, मग पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा, आणि चालू आहे तोवर अधूनमधून. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) २.५ mg/dL च्या वर असेल तर डॉक्टर सहसा ती टाळतात. आणखी एक: ती लिव्हरला इतर औषधं भराभर संपवायला लावते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन, गर्भनिरोधक गोळ्या, शुगरच्या काही गोळ्या, प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस, सगळ्यांचा जोर कमी पडतो.

थोडक्यात, बिलिरुबिन वाढलेलं किंवा गोळ्यांचा डबा आधीच गच्च भरलेला असेल तर पावडरला नीट वेळापत्रकासह दोन आठवडे द्या. बिलिरुबिन बरं आहे, झोप पार उडाली आहे आणि वेळच्या वेळी रक्त तपासणं जमणार आहे, तर रिफॅम्पिसिनबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

दोन्ही फसल्या तर नाल्ट्रेक्सोन, दारू सोडवायला वापरतात ते. कमी डोसनं सुरू करून ५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, कारण एकदम दिलं तर मळमळ, थरथर, अस्वस्थपणा येतो. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक चालू असेल तर ते नकोच. नैराश्यावरची सर्ट्रालिन रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम, सावकाश गुण देणारी. झोप आणि मनःस्थिती दोन्ही ढासळलेली असतील तर मी आधी हिच्याबद्दल विचारेन. आणि ॲलर्जीवरची सिट्रिझिन? ही खाज हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाची, नाही, त्यामुळे फार तर गुंगी येते. सिरॉसिसच्या रुग्णात तीच गुंगी महागात पडू शकते.

रक्तातली चरबी कमी करणाऱ्या फायब्रेट गटातल्या गोळ्यांकडे मात्र अलीकडे लक्ष वळलंय. नेदरलँड्स आणि स्पेनमधल्या २०२१ च्या चाचणीत पीबीसी आणि पीएससी (पित्तनळ्या सुजून अरुंद होण्याचा आजार) असलेल्या रुग्णांना ३ आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम बेझाफायब्रेट दिलं, तेव्हा ४५ टक्क्यांची खाज निम्म्यानं तरी कमी झाली. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी, घेतलेल्यांत ११ टक्क्यांची. आपल्याकडे फेनोफायब्रेट सहज मिळतं, पण हे आकडे त्याचे नव्हेत. क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीवर, नजर ठेवावी लागते, आणि लिव्हर खूप थकलेलं असेल तर हा मार्ग बंद. ओडेव्हिक्सिबॅट, मरॅलिक्सिबॅट ही नवी औषधं मुख्यतः लहान मुलांच्या आनुवंशिक पित्तविकारांसाठी, आणि किंमत ऐकूनच गप्प बसावं अशी.

आईची गाडी सध्या सकाळच्या दोन पुड्या आणि रिफॅम्पिसिन १५० वर आहे. युडीसीए रात्री जेवणानंतर. परवाच्या एलएफटीत बिलिरुबिन १.४ आलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना बेझाफायब्रेटचं विचारायचंय, म्हणून क्रिएटिनिनही आताच करून घेतलंय.